टेकडीवरचे थकबाकीदार

आमच्या ह्यांच्या मामांना मार्क्स बघायचा होता आणि माझ्या काकांना सावरकर. दोघांनी पंचाहत्तरी ओलांडलेली, दोघांचे गुडघे कुरकुरणारे, आणि आमच्या लग्नाच्या मांडवात पंगतीला बसल्या बसल्या दोघांत जो वाद सुरू झाला तो अजून मठ्ठ्यापर्यंत पोचलेला नाही. मामा परळचे, लाल बावट्याच्या युनियनमध्ये उमेदवारी केलेले. काका सदाशिव पेठेतले. त्यांच्या घरात सावरकरांचा फोटो देवघराच्या वर आहे. अशा दोन माणसांना लंडनला लेकीकडे एकाच वेळी घेऊन जाण्याची कल्पना ह्यांची. ह्यांना कल्पना सुचतात, त्या निस्तरायचं खातं माझ्याकडे असतं.

पण लेकीने नकाशा काढून दाखवला तेव्हा मला इंग्रजांच्या नगररचनेचं कौतुक वाटलं. उत्तर लंडनमध्ये हायगेट नावाची एक टेकडी आहे. तिच्या उतारावरच्या जुन्या कबरस्तानात कार्ल मार्क्स पुरलेला आहे. तिथून रमतगमत वीसेक मिनिटं चाललं, की क्रॉमवेल अव्हेन्यूवर ६५ क्रमांकाचं घर लागतं, म्हणजे श्यामजी कृष्णवर्मांचं इंडिया हाउस, जिथे १९०६ साली तात्याराव सावरकर राहायला आले. एकाच बसभाड्यात दोन्ही विचारसरणी. डबा भरला, मामांची काठी घेतली, काकांची कानटोपी घेतली (जून महिना होता, तरी घेतली) आणि निघालो.

इथे माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं विचित्र वाटेल. डोंबिवलीतल्या आमच्या गृहनिर्माण संस्थेची मी बरीच वर्षं सेक्रेटरी आहे. हे पद सोडता येत नाही. दर वार्षिक सभेत मी राजीनामा देते आणि टाळ्यांच्या गजरात तो नामंजूर होतो. त्यामुळे ताजमहाल पाहिला तरी माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, की गच्चीचं वॉटरप्रूफिंग कोण बघतं. हायगेटला मामा क्रांती बघत होते, काका पारतंत्र्य बघत होते, हे फोटो काढत होते. मी एक सोसायटी बघत होते. जवळपास ५३,००० थडगी, त्यांत सुमारे १,७०,००० सभासद, आणि एकही जण मेंटेनन्स भरत नाही.

हायगेटचं कबरस्तान कुठल्या राजाने किंवा चर्चने बांधलेलं नाही, ते बिल्डरने बांधलं. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या पन्नास वर्षांत लंडनची वस्ती दुपटीहून जास्त वाढली आणि जिवंतांना जागा पुरेना, तिथे मेलेल्यांचं काय! चर्चच्या आवारात एकावर एक पेट्या रचून जमिनी फुगल्या, दुर्गंधी सुटली, रोगराई पसरली. तेव्हा पार्लमेंटने खासगी कंपन्यांना शहराबाहेर कबरस्तानं काढायची परवानगी दिली आणि १८३० ते १८४०च्या आसपास लंडनभोवती अशी सात मोठी कबरस्तानं उभी राहिली. हायगेट त्यांतलं १८३९ सालचं. ते बांधणाऱ्या कंपनीचं नाव लंडन सिमेट्री कंपनी, आर्किटेक्ट स्टीफन गियरी. जागा निवडली टेकडीच्या उतारावर: हवा चांगली, गावाच्या धुरापासून लांब, आणि वरून अख्ख्या लंडनचा व्ह्यू. ज्याचे डोळे कायमचे मिटलेत त्याला व्ह्यू विकून दाखवणाऱ्या माणसाला आमच्या कल्याण-शीळ रोडवरच्या कुठल्याही बिल्डरने साष्टांग नमस्कार घालावा.

शिवाय सुरुवातीपासून दोन विंग. सतरा एकरांपैकी पंधरा एकर जमीन लंडनच्या बिशपने येऊन पवित्र केली, ती अधिकृत चर्चवाल्यांसाठी; उरलेली दोन एकर बाकीच्यांसाठी, म्हणजे वेगळ्या पंथाचे, न मानणारे, शंका काढणारे. आणि मग कळतं, की त्या ‘बाकीच्यां’मध्ये मायकेल फॅरडे आहे. ज्याच्यामुळे जगभर दर महिन्याला विजेचं बिल येतं तो माणूस एका साध्या दगडाखाली पडून आहे. त्याने सर ही पदवीसुद्धा नाकारली होती. सोसायटीत असे सभासद असतात. त्यांचं नाव सेक्रेटरीला आठवत नाही, कारण त्यांची कधीच तक्रार नसते.

आर्चवे स्टेशनला उतरून वॉटरलो पार्कमधून गेलं, की स्वेन्स लेन नावाची चढण लागते. रस्त्याच्या एका अंगाला कबरस्तानाचा पूर्व भाग, दुसऱ्या अंगाला पश्चिम. पूर्व भागाच्या फाटकात तिकीट खिडकी आहे. मामा तिथे थबकले.

“मार्क्सला भेटायला तिकीट?”

हा विनोद त्या खिडकीवर रोज होत असणार. आतल्या बाईंनी चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही. हे मनातल्या मनात पौंडांना शंभराच्या वरच्या कुठल्यातरी आकड्याने गुणत होते. त्यांचा ओठ हलला, की मला कळतं. मामा म्हणाले, “भांडवलशाहीने अखेर त्यालाही विकायला काढलं!” मी म्हटलं, “मामा, ही भांडवलशाही नव्हे, हा मेंटेनन्स आहे. कोणीतरी भरायला हवा. राहणारे भरत नाहीत, म्हणून पाहुण्यांकडून घेतात.” काकांनी खिशातून स्वतःचे पैसे काढून मामांचंही तिकीट काढलं. मार्क्सच्या दारात सावरकरवाद्याचे उपकार! मामा पुढची दहा मिनिटं एक शब्द बोलले नाहीत.

मार्क्सची मूळ जागा आतल्या अंगाला, आडबाजूची होती. १८८१मध्ये बायको गेली, तिला तिथे पुरलं. १४ मार्च १८८३ला हा गेला, त्यालाही तिथेच. अंत्ययात्रेला जेमतेम दहा-बारा माणसं. एंगेल्सने भाषण केलं. ज्याच्या नावाने पुढे अर्ध्या जगात सरकारं आली त्याच्या मयताला आमच्या सोसायटीच्या कोरमपेक्षा कमी माणसं, आणि आमचा कोरम कधी पुरा होत नाही. मग १९५४ साली ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षाने पुढाकार घेऊन सगळ्या कुटुंबाला तिथून हलवलं आणि रुंद वाटेवर, दर्शनी जागी आणलं. १९५६मध्ये लॉरेन्स ब्रॅडशॉने घडवलेलं ते प्रचंड ब्राँझचं डोकं ग्रॅनाइटच्या चौथऱ्यावर बसलं. थोडक्यात, मागच्या विंगमधून पुढच्या विंगेत ट्रान्सफर, कॉर्नर प्लॉट.

आणि लोकेशन सुधारल्यावर आजूबाजूचे भाव वाढणारच. मार्क्सच्या अवतीभवती देशोदेशीच्या कम्युनिस्टांनी जागा घेतल्या आहेत. डाव्या हाताला क्लॉडिया जोन्स, त्रिनिदादची, जिच्या पुढाकारातून लंडनच्या कॅरेबियन कार्निव्हलची सुरुवात झाली. जवळच युसुफ दादू, दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषाविरुद्ध लढलेला भारतीय वंशाचा पुढारी. पलीकडे इतिहासकार एरिक हॉब्सबॉम. खासगी मालमत्ता नको म्हणत ज्यांनी हयात घालवली त्यांनी शेवटी सहा बाय तीनचा खासगी तुकडा घेतला, तोही शेजार बघून. मामांना मी हे बोलून दाखवलं नाही. ते त्या डोक्यासमोर टोपी काढून उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. विनोदालाही वेळकाळ असते.

थडग्यावरची नावं मात्र मी नीट वाचली. मार्क्स, त्याची बायको जेनी, एक लहानगा नातू, मुलगी एलिनॉर आणि हेलेना डेमुथ. ही हेलेना कोण, म्हणून मामांना विचारलं. त्यांनी डोळे पुसत सांगितलं, की ती त्यांच्या घरात कामाला होती, जन्मभर. मी तिथे जरा जास्त वेळ उभी राहिले. घरकामाच्या बायकांनी आमची पुढची लिफ्ट वापरावी की जिना, या विषयावर आमच्या सर्वसाधारण सभेत तीन तास चर्चा होऊन शेवटी उपसमिती नेमली आहे. उपसमितीचा अहवाल अजून यायचा आहे. ‘दास कॅपिटल’ माझ्याच्याने वाचून व्हायचं नाही, पण घरकामाच्या बाईचं नाव मालकाच्या दगडावर कोरलेलं मला वाचता आलं.

एंगेल्स कुठे आहे, असं ह्यांनी विचारलं. त्यांना एकाच फ्रेममध्ये दोघांचा फोटो हवा होता. एंगेल्स इथे नाही. तो स्वतः गिरणीमालकाचा मुलगा, जन्मभर मार्क्सचा घरखर्च चालवला, आणि १८९५ साली गेला तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची राख ईस्टबोर्नजवळ समुद्रात सोडली. इंचभर जागा अडवली नाही. “आपल्यासारखंच की,” काका पहिल्यांदाच एका कम्युनिस्टाबद्दल बरं बोलले.

मार्क्सच्या बरोबर समोर, वाटेच्या पलीकडे, हर्बर्ट स्पेन्सर आहे. या शेजारावरून एका कपड्यांच्या दुकानाचा विनोद तिथे येणारा प्रत्येक माणूस करतो, म्हणून मी करत नाही. पण इथे काकांची वेळ आली. आम्ही सगळे मार्क्सकडे तोंड करून उभे, आणि काका एकटे पाठ फिरवून स्पेन्सरपुढे. आज त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. कडेला एक साधं थडगं, फुलं नाहीत, गर्दी नाही. पण एकेकाळी पुण्यात या माणसाचा केवढा दरारा! आगरकरांनी मिल आणि स्पेन्सर कोळून प्यायले आणि मग ‘सुधारका’तून पुण्याला त्यांचा काढा पाजला. पुणेकरांनी त्याची परतफेड म्हणून आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, तीही त्यांच्या घरावरून. स्वतःची अंत्ययात्रा खिडकीत उभं राहून बघण्याचा मान मराठी संपादकांत एका आगरकरांना मिळाला. मार्क्सच्या मयताला दहा-बारा आणि आगरकरांच्या खोट्या मयताला त्याहून कितीतरी जास्त: पुण्यात कार्यक्रमाला माणसं कमी पडत नाहीत, कारण तेवढं सबळ हवं.

काकांनी पुढची हकिकतही सांगितली. १९०३ साली स्पेन्सर गेला, तेव्हा गोल्डर्स ग्रीनला त्याच्या दहनाच्या वेळी श्यामजी कृष्णवर्मा हजर होते आणि त्याच्या नावाने ऑक्सफर्डला व्याख्यानमाला सुरू करायला त्यांनी तिथल्या तिथे हजार पौंडांची देणगी जाहीर केली. हेच श्यामजी १९३० साली जिनिव्हात वारले. आपल्या आणि पत्नीच्या अस्थी स्वतंत्र भारतात जाईपर्यंत जपून ठेवाव्यात, म्हणून त्यांनी तिथल्या कबरस्तानाकडे शंभर वर्षांचे पैसे आगाऊ भरून ठेवले होते. त्या अस्थी २००३ साली भारतात आल्या. शंभर वर्षांचा मेंटेनन्स, आगाऊ, आणि सत्तावीस वर्षं शिल्लक असताना जागा खाली! काकांच्या तोंडून ही गोष्ट ऐकताना माझा ऊर भरून आला. असा एक सभासद आम्हाला मिळता, तर टाकीच्या दुरुस्तीचं काम अडलं नसतं.

पूर्व भागात बाकी गंमत अशी, की जुन्या वाटांवर दुःख कोरलेलं आहे आणि नव्या वाटांवर स्वभाव. पॅट्रिक कॉलफिल्ड या चित्रकाराच्या दगडावर मोठाल्या अक्षरांत पायऱ्या पायऱ्यांनी डी, ई, ए, डी एवढंच कापून काढलेलं आहे. मेला. संपलं. आपल्याकडे ‘दुःखद निधन’च्या जाहिरातीत शोकाकुलांची नावं संपता संपत नाहीत, त्यात एखादा आतेभाऊ राहिला तर पुढची दोन लग्नं अबोल्यात जातात. डग्लस ॲडम्स हा विनोदी लेखक २००१ साली गेला. त्याच्या दगडापाशी वाचक येऊन पेनं खोचून जातात. उघड्यावर, डझनांनी पेनं, आणि कोणी उचलत नाही. आमच्या व्हिजिटर रजिस्टरचं पेन सुतळीने बांधलेलं असतं, आणि तरीही महिन्याला सुतळी तेवढी उरते.

जॉर्ज एलियटही इथेच. पुरुषाच्या नावाने लिहिणारी ही थोर कादंबरीकार. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये तिला जागा मिळावी, असं तिच्या चाहत्यांच्या मनात होतं. पण ती लग्न न करता जॉर्ज लुइससोबत वीसेक वर्षं राहिलेली. कमिटीला ते चालणार नव्हतं. मग १८८०मध्ये ती हायगेटच्या ‘बाकीच्यां’च्या बाजूला आली, दोन वर्षं आधी येऊन पोचलेल्या लुइसच्या शेजारी. ‘बॅचलर आणि लिव्ह-इन चालणार नाही’ ही पाटी आम्हीच शोधून काढली, असा माझा समज होता. ब्रिटनच्या राष्ट्रीय स्मशानात ती आमच्या आधी लागलेली होती.

डबा आम्ही वॉटरलो पार्कमध्ये बाकावर बसून खाल्ला. थालीपीठ, लसणाची चटणी, आणि लेकीने हट्टाने बरोबर दिलेली सँडविचं, जी तशीच परत गेली. मग रस्ता ओलांडून पश्चिम भाग.

पश्चिम भाग म्हणजे या सोसायटीचा जुना, श्रीमंत टॉवर. पूर्वी इथे गाइडशिवाय सोडतच नसत. आम्हीही गाइड घेतला. पांढऱ्या केसांच्या, पायात चिखलाचे बूट घातलेल्या एक बाई होत्या, बिनपगारी स्वयंसेविका. त्यांच्या चेहऱ्यावरचा थकवा मी लगेच ओळखला. तो बिनपगारी पदाधिकाऱ्याचा थकवा असतो, जगात सगळीकडे सारखाच.

आत शिरल्यावर पहिलं जाणवतं ते झाड. झाड म्हणजे झाडंच झाडं: थडगी फोडून वर आलेली, देवदूतांच्या पंखांवर चढलेली आयव्ही, दगडांना मिठ्या मारून बसलेली मुळं. त्यातून वाट वर चढत जाते आणि एकदम इजिप्त लागतं. खरोखर. दोन उंच स्तंभ, कमळाच्या कळ्यांचे खांब, आणि मधून बोगद्यासारखी गल्ली, दोन्ही बाजूंना लोखंडी दारांच्या खोल्या, एकेका खोलीत बारा पेट्यांची फळ्यांवर सोय. नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेनंतर युरोपात पिरॅमिडांचं वेड शिरलं होतं, त्याचा हा परिणाम. आमच्याकडे ‘रोमन व्हिला’ आणि ‘टस्कन हाइट्स’ अंबरनाथला आहेत, त्यामुळे मला त्याचं नवल वाटलं नाही.

गल्ली संपते तिथे लेबनॉनचं वर्तुळ. या जागी आधी एका जुन्या हवेलीची बाग होती आणि बागेत देवदाराच्या जातीचं एक भलं मोठं झाड होतं. कंपनीने झाड तोडलं नाही. झाडाभोवतीची जमीन गोल खणून काढली आणि त्याच्या मुळांच्या कुंडीभोवती श्रीमंतांच्या खोल्यांचं रिंगण बांधलं. झाड २०१९पर्यंत उभं होतं. मग कीड लागली, धोका झाला, तोडावं लागलं. त्या जागी नवं रोप लावलंय. बाई हे सांगताना थांबल्या. मी म्हटलं, “आमच्या आवारातला गुलमोहर तोडायला पालिकेची परवानगी मिळवता मिळवता तो आपणच पडला.” लेकीने भाषांतर केलं. बाईंनी माझा हात हातात घेतला. दोन देशांच्या सेक्रेटऱ्यांमध्ये अशी मैत्री क्वचित होते.

टेकडीच्या सगळ्यात वरच्या अंगाला गच्ची आहे. तिच्याखाली भिंतीतल्या कप्प्यांत पेट्या, आणि वर व्हिक्टोरियन मंडळी रविवारी फेरफटका मारत, लंडनचा व्ह्यू बघत. आता बघत नाहीत, कारण समोर ज्युलियस बीअर आहे. फ्रँकफर्टच्या गरीब ज्यू घरातून आलेला हा माणूस लंडनच्या शेअर बाजारात गब्बर झाला, ‘ऑब्झर्व्हर’ हे वर्तमानपत्र विकत घेतलं. पण उच्चभ्रूंनी त्याला कधी आपलं म्हटलं नाही. त्याची आठ वर्षांची मुलगी गेली. तिच्यासाठी त्याने या टेकडीवर देवळासारखं उंच स्मारक बांधलं, आणि सांगतात असं, की मुद्दाम अशा ठिकाणी बांधलं, की गच्चीवर फिरणाऱ्यांचा व्ह्यूच अडावा. बाप म्हणून त्याच्याबद्दल मला वाईट वाटलं. सेक्रेटरी म्हणून विचारलं, की याला एनओसी कोणी दिली?

एनओसीवरून आठवलं. डान्टे गॅब्रिएल रोझेटी हा चित्रकार-कवी. १८६२मध्ये त्याची बायको लिझी सिडाल गेली, तेव्हा दुःखाच्या भरात त्याने आपल्या कवितांची एकुलती एक वही तिच्या पेटीत ठेवून दिली. सात वर्षांनी दुःख ओसरलं आणि प्रकाशनाची इच्छा चढली. मग ओळखीच्या गृहमंत्र्यांची परवानगी काढून, रात्रीच्या वेळी, शेकोट्या पेटवून थडगं उघडलं, वही काढली. कवी स्वतः हजर राहिला नाही. वहीला कीड लागून पानांतून भोकं पडली होती. पुस्तक १८७० साली निघालं. मराठी कवीने असं कधी केलं नसतं, असं काका म्हणाले. मामा म्हणाले, मराठी कवीची वही बायको पेटीत घेऊन गेली असती, तर प्रकाशकाने तिचे आभार मानले असते. त्या दिवसात दोघे एकत्र हसले, ते तिथे.

प्राण्यांचीही इथे सोय आहे, म्हणजे दगडाच्या. जॉर्ज वूम्बवेल हा फिरती प्राणिशाळा चालवायचा. त्याच्या थडग्यावर त्याचा माणसाळलेला सिंह नीरो पंजांवर डोकं ठेवून झोपलाय. टॉम सेयर्स हा मुष्टियोद्धा १८६५ साली गेला, तर अंत्ययात्रेत पहिल्या मानाने त्याचा कुत्रा गाडीत बसून होता. त्या कुत्र्याचं नाव सिंह. तो आता थडग्यापाशी दगडाचा होऊन बसलाय. सिंहाचं नाव सम्राटाचं आणि कुत्र्याचं नाव सिंहाचं. बढत्या फक्त जनावरांना.

ह्यांनी भुताचा विषय काढला नसता तर मी म्हटलं असतं, की हे आमचे नव्हेत. बाई जरा त्रासल्या, पण सांगितलं. १९७०च्या सुमारास इथे रक्तपिपासू पिशाच फिरतं अशी आवई उठली. दोन भूतशोधक त्याच्यावरून भांडू लागले, टीव्हीवर कार्यक्रम झाला, आणि १३ मार्च १९७०ला, शुक्रवारी, रात्री जमाव फाटकावरून उड्या मारून आत घुसला. काकांचं आजोळ कोकणातलं. ते गंभीरपणे म्हणाले, “पण ते नक्की कोण होतं? मुंजा असेल तर पिंपळ हवा. हडळ असेल तर पावलं बघायला हवी होती. वेताळ असेल तर एवढ्या लोकांना घाबरून गेला नसता.” लेकीने यातलं भाषांतर करायला नकार दिला. माझं मत असं, की भूत एक असतं आणि त्याच्यावर हक्क सांगणारे दोन, तिथे भुताचा दोष नसतो.

खरं पिशाच वेगळंच होतं, आणि ते मी पहिल्या तासातच ओळखलं होतं. या धंद्यात गिऱ्हाईक एकदाच पैसे देतं आणि जागा कायमची अडवतं. जोवर नवी जागा विकायला आहे तोवर फायदा. जागा संपली, की नुसता खर्च. १८५०च्या दशकात रस्त्यापलीकडची जमीन घेतली, तो आजचा पूर्व भाग. पवित्र केलेल्या चॅपलमधून मयत सार्वजनिक रस्त्यावर आणायला नको म्हणून चॅपलमध्ये पाण्याच्या दाबावर चालणारी लिफ्ट बसवली. पेटी जमिनीतून खाली जायची आणि रस्त्याखालच्या भुयारातून पलीकडे निघायची. ही लिफ्ट वर यायची ती रिकामी. पुढे महायुद्धं झाली, घराणी पांगली, वारस कुठे गेले पत्ता नाही, माळ्यांचे पगार परवडेनात. १९६०च्या आसपास कंपनीचं दिवाळं वाजलं. १९७५मध्ये पश्चिम भागाचं फाटक बंद झालं. आत गुंडांनी पेट्या फोडल्या, झाडांनी छपरं फोडली. त्याच वर्षी आजूबाजूच्या लोकांनी ‘फ्रेंड्स ऑफ हायगेट सिमेट्री’ नावाची संस्था काढली, कोयते घेऊन आत शिरले आणि १९८१पर्यंत जागाच ताब्यात घेतली. सगळा झाडझाडोरा काढून टाकला नाही; थोडं वाढू द्यायचं, थोडं आवरायचं. याला ते ‘नियोजित दुर्लक्ष’ म्हणतात. आमच्या इमारतीत दुर्लक्ष आहे, नियोजन तेवढं बाकी आहे.

आणि आता पुनर्विकास! मी ऐकलं तेव्हा माझ्या हातातली पिशवी खाली पडायची राहिली. पार्लमेंटने २०२२ साली हायगेट सिमेट्री कायदा केला. पंचाहत्तर वर्षांहून जुनी, कोणी न वापरलेली थडगी रीतसर नोटीस देऊन पुन्हा वापरायला घेता येतात. वारसांनी हरकत घेतली तर थांबावं लागतं. बाई म्हणाल्या, की आजही इथे दफनं होतात आणि जागा लागतेच. मी एकच प्रश्न विचारला: “हरकती येतात?” बाईंनी डोळे मिटून मान हलवली. मला आमच्या तळमजल्यावरचे जोशी, जे अमेरिकेतून ई-मेलने हरकत घेतात, आणि त्यांचे वडील, जे त्या जागेत १९९४पासून राहत नाहीत, एकदम आठवले. मी बाईंना पर्समधून शेंगदाण्याची चिक्की काढून दिली. दुसरं काही सुचलं नाही.

तिथून क्रॉमवेल अव्हेन्यूपर्यंत काका पुढे आणि आम्ही मागे. ६५ क्रमांकाचं लाल विटांचं घर, भिंतीवर सावरकरांच्या नावाची गोल पाटी. काका सावधानमध्ये उभे राहिले. मामा समोरच्या कठड्यावर बसले आणि म्हणाले, “याचं उद्घाटन कोणी केलं माहीत आहे का? हिंडमनने. १ जुलै १९०५. इंग्लंडमध्ये मार्क्स पहिल्यांदा त्याने वाचून दाखवला.” काका वळून म्हणाले, “आणि पुस्तकात मार्क्सचं नाव न घालता छापला, म्हणून मार्क्स त्याच्यावर चिडला. तेही सांगा.” इतकी वर्षं दोघे एकमेकांची पुस्तकं चोरून वाचत होते, हे आम्हाला त्या फुटपाथवर कळलं. हिंडमनच्या उद्घाटनाला दादाभाई नौरोजी होते, लाला लजपत राय होते, हे दोघांनी मिळून पूर्ण केलं. ह्यांनी फोटो काढला. त्यात पाटी आली आहे, मामांची काठी आली आहे, माणसं आलेली नाहीत.

बसमध्ये डोंबिवलीहून सासूबाईंचा फोन आला. दिवसभर कुठे होता, म्हणून विचारलं. हे बेसावध माणूस, म्हणाले, “स्मशानात.” पलीकडे शांतता. मग त्यांनी तिथे रात्रीचे साडेदहा वाजले असताना खणखणीत आवाजात सांगितलं, की सगळ्यांनी अंघोळ केल्याशिवाय पोरीच्या घरात कशालाही हात लावायचा नाही. मामा बसभर आवाज चढवून म्हणाले, की हे सगळं थोतांड आहे, मेलेला माणूस शंभर वर्षांपूर्वी पुरलेला, कसलं सुतक, कसला विटाळ, आणि आपण तर मुळीच अंघोळ करणार नाही, तत्त्व म्हणून.

लेकीच्या फ्लॅटला न्हाणीघर एक आणि गरम पाण्याची टाकी दोन माणसांपुरती. मी नेहमीच्या सवयीने दारातच वेळापत्रक करायला घेतलं: वयाप्रमाणे की पाण्याच्या गरजेप्रमाणे, बादल्या किती, मध्ये टाकी तापायला वेळ किती. कागदावर रेघा मारून वर बघितलं तर मामा जागेवर नव्हते. न्हाणीघराचं दार आतून बंद, शॉवर पूर्ण सोडलेला, आणि आतून युनियनच्या मोर्चातलं गाणं. बाहेर काका खांद्यावर टॉवेल टाकून दारावर थापा मारत होते, “अहो कॉम्रेड, समान वाटप! समान वाटप!”